रात्रीचे साडेअकरा आणि चिवड्याचा डबा

2018 च्या सुमारास महाराष्ट्रातल्या घराघरांत दोन पक्ष पडले होते. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा: कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखा, त्या दोनच वेळा जेवा आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपा. यामागचा मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. दुसरा पक्ष ऋजुता दिवेकरांचा: घरचं, हंगामातलं खा, आणि पोट फार वेळ रिकामं न ठेवता थोडं थोडं खा. लग्नाच्या पंगतीत ‘मी दीक्षित करतोय’ असं सांगून माणसं जिलबी परत करू लागली. ऑफिसात कुणी चार वाजता शेंगदाण्याची डबी उघडली की हा दिवेकरांकडचा हे शेजाऱ्याला न सांगता कळायचं.

घरोघरच्या या वादात मला एक वेळ कायम राहून गेलेली वाटली. रात्री साडेअकराची. दोन्ही पक्षांतली माणसं दिवसभर नेमाने वागतात आणि घर निजलं की फडताळाशी जातात. वजन उतरवण्याचा नेम पुष्कळांचा तिथेच मोडतो, आणि त्याबद्दल ती कुणाशी बोलत नाहीत, कारण त्यांना ती स्वतःच्या स्वभावातली खोट वाटते. माझ्या मते ती खोट नव्हे. हे नीट मांडता यावं म्हणून दोन मतं समोरासमोर बसवली आहेत.

मावशी नर्सिंग कॉलेजातून सिस्टर ट्यूटर म्हणून निवृत्त झालेली; त्याआधी वॉर्डात वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केलेली. भाची वाकडला राहते, हिंजवडीत नोकरी करते, संध्याकाळभर अमेरिकेतल्या माणसांबरोबर मीटिंगा असतात, घरी एक शाळकरी मुलगा. दोघी मी रचलेल्या आहेत. त्यांच्यातला वाद मात्र अनेक घरांत चालू आहे.

भाची: मावशी, मला उपदेश नको, कुलूप हवंय. नऊनंतर स्वयंपाकघर बंद. एवढा एक नियम पाळता आला तर माझं वजन आपोआप उतरेल.

मावशी: लावू की कुलूप. आधी कालचा दिवस सांग मला, उठल्यापासूनचा.

भाची: साडेसहाला चहा. नाश्ता सोडलाय. एक खाणं कमी केलं की तेवढंच वजन कमी, असं ठरवलं. साडेबाराला डबा: दोन फुलके, भाजी, काकडी. चारला चहा आणि दोन बिस्किटं. साडेसात ते साडेनऊ मीटिंग. दहाला जेवले, तेही नावालाच. वाटीभर आमटी आणि लेकाच्या ताटात राहिलेला भात, वाया जाऊ नये म्हणून. आणि साडेअकराला चिवडा.

मावशी: किती?

भाची: मोजून थोडीच खाते? दिवासुद्धा लावत नाही. झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून अंगठ्याने कड दाबून डबा उघडते. आधी शेंगदाणे वेचते, मग खोबऱ्याचे काप, मग डाळं. ते संपलं की मूठ भरते. मग आणखी एक. बसत नाही, ताटलीही घेत नाही, कारण ताटली घेतली की आपण खातोय हे कबूल करावं लागतं.

मावशी: आज तेवढाच चिवडा वाटीत काढ आणि तराजूवर ठेव. पन्नास ग्रॅम तरी भरेल. तळलेल्या पोह्यांचा असेल तर अडीचशे कॅलरी झाल्या. दुपारचे तुझे दोन फुलके आणि भाजी मिळून जवळपास तेवढंच होतं. म्हणजे जे जेवण दिवसा वाचवलंस ते रात्री केलंस, तेलात तळलेलं आणि उभ्याने.

भाची: म्हणूनच म्हणते ना, कुलूप!

मावशी: अगं, भुकेची उधारी आहे ही. सकाळपासून थोडी थोडी थकवायची आणि रात्री वसुलीला आली की दार लावून घ्यायचं, असं कसं चालेल? मी मुलींना शिकवताना अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या प्रयोगाबद्दल सांगायची. 1944-45 मधला, ॲन्सेल कीजचा. धडधाकट असे 36 तरुण निवडले, सगळे स्वखुशीने आलेले, आणि 24 आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं. त्यांना दुसरं काही सुचेना. बोलणं जेवणाचं, स्वप्नं जेवणाची. काहींनी तर पाककृतींची पुस्तकं गोळा करायला घेतली. यांच्यात निग्रहाची काय कमतरता होती? शरीराला कमी पडलं की ते मनाला कामाला लावतं. तू तर दिवसभर ऑफिसात असतेस, कामात असतेस, म्हणून मन गप्प बसतं. रात्री घर शांत झालं की ते बोलायला लागतं.

भाची: ते उपाशी होते. मी कुठे उपाशी आहे? आमच्या शेजारच्या जैन काकू बघ. सूर्य मावळला की पाण्याचा घोटही घेत नाहीत. चौविहार पाळतात. त्यांना जमतं, कारण त्यांचा नियम पक्का आहे. त्यात ‘आज थोडंसं’ नाही. माझं त्या थोडंशानेच वाटोळं होतं.

मावशी: त्या संध्याकाळी सहाला काय जेवतात ते बघितलंस कधी? भाकरी, भाजी, खिचडी, ताक. चांगलं पोटभर. आधी जेवण आणि मग बंदी, असा क्रम आहे तो. तू जेवण काढून टाकलंस आणि नुसती बंदी ठेवू बघतेस.

इथे मावशीचं मला पूर्ण पटतं. रात्रीच्या खाण्यावरचे बहुतेक सल्ले रात्रीपासून सुरू होतात: दात घासा, पाणी प्या, लवकर झोपा. ज्या माणसाने सकाळपासून सात-आठशे कॅलरींवर दिवस काढला आहे त्याला दात घासायला सांगून भागत नाही. पण भाचीकडेही एक गोष्ट आहे, आणि तिच्यापुढे मावशीला थबकावं लागतं.

भाची: बरं, समजा तुझं खरं. मग रविवारचं काय? रविवारी दुपारी मटण-भाकरी होते, रात्री वरण-भात. पोटाला तडस लागेपर्यंत जेवते मी. तरी साडेअकराला हात डब्यात असतोच. तेव्हा कुठली गं उधारी?

मावशी: रविवारी त्या वेळेला समोर दुपारची भाकरी आणि वांग्याची भाजी ठेवली तर खाशील?

भाची: नाही. चिवडाच हवा.

मावशी: आणि काल रात्री?

भाची: काल... काल खाल्ली असती. थंड असती तरी खाल्ली असती.

मावशी: मग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तू दोन्हींना एकच कुलूप लावायला निघालीस. कालची भूक होती. रविवारी तुला चिवड्यात काय मिळतं?

भाची: सांगू? ती माझी वेळ असते. सकाळी साडेसहापासून मी कुणाची तरी असते. लेकाचं दप्तर, सासूबाईंच्या गोळ्या, मॅनेजरचे मेसेज, अमेरिकेतल्या लोकांची सकाळ. साडेअकराला कुणी हाक मारत नाही. मोबाइलवर एखादी मालिका लावते आणि काहीतरी कुरकुरीत खाते. तेवढं तरी माझं आहे. तेही सोडायचं?

मावशी: नाही. ती वेळ सोडायची नाही.

मावशीने हे इतक्या चटकन म्हणावं असं मला मनापासून वाटतं. वजनाबद्दल बोलणारे लोक या सुखाला ‘वाईट सवय’ म्हणून मोकळे होतात. दिवसात स्वतःचा असा अर्धा तासही न मिळणाऱ्या बाईला (आणि पुरुषालाही, रात्री उशिरा दुकान बंद करून घरी येणारे, रिक्षा चालवणारे कितीतरी जण आहेत) रात्रीचं खाणं हीच विश्रांती होऊन बसते. ते काढून घ्यायचं तर त्या जागी काय ठेवणार, याचं उत्तर आधी द्यायला हवं.

मावशी: वेळ ठेव, फक्त अलीकडे आण. झोपतेस कधी?

भाची: साडेबारा. कधी एक.

मावशी: आणि पावणेसहाला उठतेस. म्हणजे जेमतेम पाच तास. शिकागो विद्यापीठात एक प्रयोग झाला होता, 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी उतरलं, भूक चाळवणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी चढलं. आणि त्यांना काय खावंसं वाटलं, तर गोड, खारट आणि पिठूळ. चिवडाच की तो! बारा जणांवरून जगाचा कायदा ठरत नाही, पण मी ते वॉर्डात रोज पाहिलंय. नाईट ड्यूटीला दोन वाजता कुणी काकडी मागितली नाही. चहा, खारी, वडापाव. नव्या मुलींची वजनं त्या पाळ्यांतच वाढायची.

भाची: मग बघ, तूही वेळेचंच बोलतेस. मीही तेच म्हणते. बोस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलचा 2022 चा अभ्यास वाचलाय मी. तेच जेवण, तेवढंच जेवण, फक्त चार तास उशिरा दिलं. भूक वाढली, लेप्टिन घटलं आणि शरीर कमी कॅलरी जाळायला लागलं. म्हणजे रात्रीचं खाणं अंगी लागतं हे आज्या सांगायच्या ते खोटं नव्हतं.

मावशी: खोटं नव्हतंच. पण ते 16 जण होते आणि थोड्या दिवसांचा हिशेब होता. त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझूचा अभ्यास आला, 139 जणांचा, पूर्ण वर्षभराचा. सगळ्यांना कॅलरी कमी करून दिल्या. निम्म्यांना सांगितलं, सकाळी 8 ते दुपारी 4 एवढ्यातच खा. बाकीच्यांना वेळेचं बंधन नाही. वर्षाअखेरी एका गटाचं वजन सरासरी 8 किलो उतरलं, दुसऱ्याचं 6.3. तेवढ्या फरकावरून एक पद्धत दुसरीपेक्षा सरस ठरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. दिवसभरात एकूण किती गेलं याचा हिशेब घड्याळाने चुकत नाही.

भाची: पण मावशी, त्यांना एकूण किती खायचं ते आखून दिलं होतं. मला कोण आखून देतंय? उशीर झाला की भूक वाढते असं बोस्टनवाले म्हणतात. भूक वाढली की मी जास्त खाते. मग एकूण वाढलंच ना? माझ्यासारखीला वेळ सांभाळणं हाच एकूण सांभाळायचा मार्ग.

मावशी: ...हे मात्र बरोबर आहे तुझं.

अशा ठिकाणी दोन अभ्यास एकमेकांविरुद्ध उभे करून भांडत बसण्यात अर्थ नसतो. भाचीने दोन्हींची सांगड घातली ती मला योग्य वाटते: वेळेत जादू नाही, पण सांभाळायला वेळ सोपी. आणि मोजमाप सगळ्यांच्या स्वभावात बसत नाही. चार शेंगदाणे खाऊन डबा बंद करणारी माणसं मी पाहिली आहेत. पहिल्या दाण्यानंतर तळ दिसेपर्यंत न थांबणारी त्याहून जास्त पाहिली आहेत, आणि त्यांना ‘प्रमाणात खा’ म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं.

भाची: म्हणून चिवडा घरात ठेवायचाच नाही, हे तरी मान्य कर. कुणाकडून आला तर वाटून टाकायचा. लेकाला हवा असेल तर छोटी पुडी आणायची, त्याच दिवशी संपणारी. दिवाळीनंतरचा पंधरवडा मला सगळ्यात जड जातो. डबे भरलेले, वर ‘फराळ संपवा’ म्हणून घरचेच मागे लागलेले.

मावशी: मान्य. त्यात मी वाद घालत नाही. आता तुझ्या फोनवरून दहा मिनिटांत काहीही दारात येतं, त्याचं काय?

भाची: ते ॲप रात्रीपुरतं काढून टाकते. पुन्हा टाकायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मन फिरतं कधी कधी. नेहमी नाही.

मावशी: आणि एक विचारते, राग मानू नकोस. मध्यरात्री झोपेतून उठून खातेस का? खाल्ल्याशिवाय पुन्हा झोपच लागत नाही, सकाळी अन्न नको वाटतं, असं?

भाची: नाही गं. झोपायच्या आधीच जे काय ते.

मावशी: तसं असतं तर वेगळं बोलले असते. त्याला आजार म्हणून नाव आहे. अल्बर्ट स्टंकार्ड नावाच्या डॉक्टरांनी 1955 मध्येच तो मांडलाय. दिवसाच्या आहारातला चौथा हिस्सा किंवा जास्त रात्रीच्या जेवणानंतर जात असेल, झोप मोडत असेल, तर कुलपं लावत न बसता डॉक्टरांकडे जायचं. आणि तुझ्या सासूबाई इन्सुलिन घेतात ना? तुझी कुलपाची शिस्त त्यांना लावू नकोस. इन्सुलिनवर किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांवर असलेल्या माणसाची साखर रात्री झपकन उतरू शकते. घाम फुटतो, हातपाय कापतात. त्यांचं रात्रीचं खाणं डॉक्टरांना विचारूनच बदलायचं.

भाची: त्यांच्या उशाशी बिस्किटं असतात. त्यांना मी हात लावत नाही.

मावशी: आणि तुझी गडबड कशासाठी चाललीय? वजनाचा काटा किती दाखवतो?

भाची: काटा फार काही दाखवत नाही. सगळे म्हणतात, तू कुठे जाड आहेस. पण सलवारीची नाडी सांगते. पोट सुटलंय.

मावशी: मग बरोबर ठिकाणी लक्ष आहे तुझं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक फोटो 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. शेजारी इंग्लंडचे डॉ. यडकिन. दोघांचा बीएमआय अगदी एक, 22.3. पण अंगातली चरबी यडकिनांची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2. दिसायला सडपातळ, आत चरबी. आपल्याकडे हे फार. म्हणून आपल्या बायकांनी कमरेचा घेर 80 सेंटीमीटरच्या आत ठेवावा म्हणतात आणि पुरुषांनी 90 च्या. टेप घे आणि महिन्यातून एकदा मोज. रोज काट्यावर उभी राहू नकोस.

भाची: मग कर सांगायला सुरुवात. काय करू?

मावशी: नाश्ता परत आण. धिरडं, उपमा, अंडं, जे जमेल ते. डब्यात एक फुलका जास्त आणि उसळ रोज. मटकी, मूग, चवळी, काहीही. कडधान्य गेलं की चारला बिस्किटाची आठवण तेवढी तीव्र होत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दहाचं जेवण. ते साताला घ्यायचं. मीटिंगच्या आधी, ऑफिसातच.

भाची: साताला?

मावशी: दुसरा डबा न्यायचा. भाकरी-भाजी किंवा डाळ-भात, पूर्ण जेवण. घरी आल्यावर ताक घे, लेकाशेजारी बस. त्याच्या ताटातलं उरलं तर उरू दे. दुसऱ्या दिवशी वाढताना एक डाव कमी वाढ. साडेदहाला तुझी मालिका लाव, अर्धा तास, आणि अकराला आडवी हो. तरीही खरोखर भूक लागली तर कपभर गरम दूध किंवा मूठभर फुटाणे घे. दिवा लावून, खाली बसून.

भाची: बाकी सगळं ऐकते, पण शेवटचं नाही. दूध नको, फुटाणे नको. एकदा फट ठेवली की माझं दार पूर्ण उघडतं. जेवण झालं की झालं.

मावशी: भूक लागली तरी?

भाची: लागली तर दुसऱ्या दिवशी डबा मोठा करीन. त्या वेळेला काही नाही. तू चार फुटाण्यांवर थांबतेस, मावशी. मी थांबत नाही.

मावशी: मला पटत नाही. आजाऱ्याला, दमलेल्याला रात्री कपभर दूध नाकारणं माझ्याच्याने होणार नाही. पण तुझं तुला ठाऊक.

भाची: आणि मूळ प्रश्न राहिलाच. दुसरा डबा भरणार कोण? एक भरायलाच मी पावणेसहाला उठते. तो भरायचा तर सव्वापाचला उठावं लागेल. म्हणजे तुझं ते लेप्टिन पुन्हा खाली.

या वाक्याशी मी बराच वेळ अडलो. आहाराच्या कुठल्याही पुस्तकातला सल्ला शेवटी कुणाच्या तरी ओट्यापाशी जाऊन थांबतो. वेळेवर जेवा म्हणायचं, तर त्या वेळेला ते जेवण कुणीतरी शिजवलेलं असावं लागतं. घरात तो ‘कुणीतरी’ एकच माणूस असेल आणि वजनही त्याच माणसाला उतरवायचं असेल, तर त्याच्या रात्रीच्या चिवड्याबद्दल घरातल्या इतरांनी काही बोलण्याआधी हाताने काहीतरी करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मावशी: जावईबापू सकाळी काय करतात?

भाची: चालायला जातात. पाऊण तास.

मावशी: चालू देत. रात्री कडधान्य भिजत घालणं आणि सकाळी कुकर लावणं त्यांच्याकडे दे. डाळ, भात, उसळ एकाच कुकरात तीन भांड्यांत होते. फोडणी तू घाल. दोन दिवस भात कच्चा राहील, तिसऱ्या दिवशी जमेल.

भाची: म्हणतील, मला जमत नाही.

मावशी: शिट्ट्या मोजता येतात ना? तेवढं पुरे. मी फोन करून सांगू का?

भाची: नको, मीच सांगते. सोमवारपासून कुकर त्यांचा, सातचा डबा माझा. चिवडा घरात येणार नाही. आणि दुधाचं मी अजूनही मान्य केलेलं नाही हं.

मावशी: नको करूस. महिन्याने टेप घेऊन ये, मग पुन्हा भांडू.